स्वस्त विदेशी इलेक्ट्रिक गिटार: ठेवायची की परत पाठवायची?

ज्यांना हा भाग एसटीच्या आवाजात धड ऐकू आला नाही, किंवा ज्यांचा नेटपॅक अर्ध्यातच संपला, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे काढलेत. जे राहिलेत ते गोड मानून घ्या.

या वेळचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. मिरजेचा एक कॉलेजचा मुलगा म्हणतो, “ताई, पहिली इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन मागवली. सुट्टीत केटरिंगवाल्याकडे काम करून चौदा हजार जमवले होते. मागे मेड इन इंडोनेशिया लिहिलंय. जाड तार वाजवली की झर्रर्र होतं, आणि पातळ तार वरच्या बाजूला एका जागी ओढली की आवाज मरतोच. पप्पा म्हणतात, बाहेरचा स्वस्त माल असाच असतो. परत करायला चार दिवस उरलेत. करू का?”

मिरज! जिथे सतार आणि तंबोरा बनवणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या, ज्यांच्या वाद्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्या गावातून हा प्रश्न यावा याचं मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. कारण तिथला कारागीर तुला एका वाक्यात सांगेल की झर्रर्र आवाज म्हणजे वाद्य खराब असं नव्हे, तो आवाज कुठून येतो ते आधी बघ. तंबोऱ्यात तोच झंकार मुद्दाम काढतात, जवारी करून. गिटारवर तो नको असतो, एवढाच फरक.

उत्तराला येतेच. पण त्याआधी माझी एक लाज सांगते.

मीही पहिली इलेक्ट्रिक गिटार अशीच घेतली होती, लाल रंगाची, फोटो बघून. कंपनीचं नाव जाऊ दे. सुरुवातीच्या कॉर्ड्स धरायच्या तर बोटांना खड्डे पडायचे, आणि एफ कॉर्ड तर कधी वाजलीच नाही. सी कॉर्ड धरली की ट्यून केलेली गिटार बेसूर वाटायची. मला वाटलं माझीच बोटं कमकुवत, माझाच कान कच्चा. आठ महिने ती कपाटावर पडून होती. मग एका मित्राने ती एका दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी नटच्या खाचा बारीक कानशीने थोड्या खोल केल्या, नेक सरळ केली, तारा खाली घेतल्या. पाऊण तास लागला, आठशे रुपये घेतले. घरी येऊन मी एफ धरली आणि ती वाजली. त्या वेळी आनंदापेक्षा राग जास्त आला. आठ महिने मी स्वतःला नावं ठेवत होते, आणि चूक होती पांढऱ्या प्लॅस्टिकच्या एका तुकड्यात, अर्ध्या मिलिमीटरची!

म्हणून हा विषय मला नुसता शॉपिंग टिप्सचा वाटत नाही. वाईट बसवलेली गिटार नवशिक्याला सांगत नाही की ‘मी वाईट आहे’. ती त्याला सांगते की ‘तुला जमत नाही’.

“बाहेरचा माल” म्हणजे नक्की कुठला?

आता पप्पांचा मुद्दा. त्यांचं चूक नाही, पण हे वाक्य पन्नास वर्षं जुनं आहे. फक्त देशाचं नाव बदलत गेलंय.

१९७० च्या दशकात अमेरिकेत हेच जपानी गिटारींबद्दल म्हणायचे. जपानी कारखाने फेंडर आणि गिब्सनच्या हुबेहूब नकला करत होते. सुरुवातीला त्या खरंच सुमार होत्या, पण बघता बघता इतक्या चांगल्या झाल्या की मूळ कंपन्यांना घाम फुटला. १९७७ मध्ये गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर दावा ठोकला. गंमत म्हणजे तो दावा आवाजावरून किंवा दर्जावरून नव्हता. गिटारच्या डोक्याचा, म्हणजे हेडस्टॉकचा, आकार चोरला म्हणून होता. पुढे आपसात मिटलं.

फेंडरने वेगळी वाट धरली. १९८२ मध्ये त्यांनी जपानमध्येच आपली शाखा काढली आणि मात्सुमोतोच्या फुजीजेन गाक्की या कारखान्याकडून गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. स्वस्त मॉडेलला नाव दिलं ‘स्क्वायर’. हे नाव मुळात तारा बनवणाऱ्या एका जुन्या अमेरिकी कंपनीचं, ती फेंडरने १९६५ मध्ये विकत घेतली होती. त्या पहिल्या जपानी स्क्वायर, ज्यांच्या नंबराची सुरुवात ‘जेव्ही’ने होते, त्या आज संग्राहक शोधत फिरतात. म्हणजे एकेकाळचा ‘बाहेरचा स्वस्त माल’ आता कपाटात कुलूप लावून ठेवतात.

जपानमध्ये मजुरी वाढली तसं काम कोरियाला गेलं. कोरियात वाढली तसं चीन आणि इंडोनेशियाला. कॉर्ट ही मूळ कोरियन कंपनी घ्या. तिचा मोठा कारखाना आता इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात आहे. तिथे कॉर्टच्या स्वतःच्या गिटारी तर बनतातच, पण स्क्वायर, आयबानेझ, पीआरएस यांच्याही कित्येक गिटारी बनतात. पीआरएसची ‘एसई’ मालिका आधी कोरियात बनायची, २०१९ पासून तीही इंडोनेशियात कॉर्टकडे आली. आणि या स्थलांतराची दुसरी बाजूही ऐकून ठेवा: २००७ मध्ये कॉर्टने कोरियातला कारखाना बंद केल्यावर तिथले काढलेले कामगार २०१९ पर्यंत आंदोलन करत होते. बारा वर्षं. गिटार स्वस्त होते तेव्हा त्या किमतीतला काही भाग कोणीतरी दुसरा भरत असतो.

असो. मुद्दा असा की एकाच शहरात, कधी एकाच छपराखाली चौदा हजारांची गिटारही बनते आणि साठ हजारांचीही. मग ‘मेड इन’ वाचून काय कळणार? कारखाना तेवढंच काम करतो, जेवढ्याचे पैसे ब्रँडने दिलेत. लग्नाचा केटरर एकच असतो, ताटाप्रमाणे पदार्थ बदलतात. (हे उदाहरण तुला लगेच पटेल, मित्रा.)

मशीनने केलेलं आणि हाताने केलेलं

पैसे वाचतात कुठे, हे समजलं की गिटार कुठे तपासायची हे आपोआप कळतं.

बॉडीचा आकार कापणं, नेक घडवणं, फ्रेटच्या खाचा पाडणं, पिकअपसाठी खड्डे करणं, हे सगळं आता संगणकावर चालणारं सीएनसी मशीन करतं. मशीनला स्वस्त-महाग कळत नाही. म्हणून आजच्या स्वस्त गिटारीत फ्रेटमधलं अंतर चुकलंय किंवा नेक वाकडीच बसलीय, असं फार कमी दिसतं. तीस वर्षांपूर्वी ते सर्रास व्हायचं.

पण काही कामं अजून माणसाच्या हातालाच करावी लागतात. फ्रेट ठोकल्यावर ते सगळे एका पातळीत घासणं. त्यांची टोकं गोल करणं. नटच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे खोल करणं. शेवटी तारा लावून सगळं जुळवणं, ज्याला सेटअप म्हणतात. या कामांना वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पगार. स्वस्त गिटारीत नेमकी इथेच घाई होते. त्यामुळे दुकानात लोक जे बघतात, म्हणजे रंग, चकाकी, लाकडाचं नाव, ते सोडा, आणि जिथे कोणाचा तरी हात घाईत फिरलाय तिथे बघा.

सतारीच्या भाषेत सांगायचं तर फ्रेट म्हणजे पडदे. फक्त सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात ठोकलेले. एक जरी वर राहिला तरी तो आपोआप खाली येत नाही.

आता हातात घ्या

पहिल्यांदा गिटार ट्यून करा. फोनवरचं कोणतंही ट्यूनर ॲप चालेल. बेसूर गिटार तपासण्यात अर्थ नाही, कारण तारांचा ताण बदलला की नेकचा बाकही बदलतो.

मग सुतार फळी बघतो तशी एक डोळा मिटून हेडस्टॉककडून नेक बघा. थोडासा पुढे बाक असणारच, तो लागतोच. पण डावी कड एकीकडे आणि उजवी कड दुसरीकडे असा पीळ दिसला, तर पुढचं काही बघू नका. पिळलेली नेक कमी पैशात सुधारत नाही. परत करा.

बाक किती आहे ते असं बघायचं. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने. आता ती तार म्हणजे तुमची पट्टी झाली. मधे, सातव्या-आठव्या फ्रेटजवळ, तार आणि फ्रेट यांच्यात बारीकशी फट हवी: पाव मिलिमीटर, साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढी. फट अजिबात नसेल तर नेक जास्तच सरळ आहे किंवा उलटी वाकलीय, आणि जाड तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर झर्रर्र करणार. फट खूप असेल तर मधल्या भागात तारा उंच वाटणार. दोन्हींवर उपाय एकच, नेकच्या आतली लोखंडी सळई, ट्रस रॉड. घड्याळाच्या दिशेने फिरवली की नेक सरळ होते, उलट फिरवली की बाक वाढतो. एका वेळी पाव फेराच, आणि मग परत ट्यून करून बघायचं. चावी जोर लावूनही फिरत नसेल तर थांबा. ट्रस रॉड तुटली की गिटार गेली.

तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, बाराव्या फ्रेटवर मोजतात. जवळ पट्टी नसेल तर दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवा. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं, म्हणजे दोन मिळून दीड. (अक्षरं उठलेली कार्डं नकोत, सपाट घ्या.) फेंडरसारख्या गिटारीला फ्रेटच्या माथ्यापासून तारेपर्यंत दीड-दोन मिलिमीटर म्हणजे उत्तम. नवी स्वस्त गिटार बहुतेक वेळा तीनच्या आसपास येते. घाबरू नका, ब्रिजवरचे बारीक स्क्रू फिरवून तारा खाली येतात. ते स्क्रू सगळे फिरतात ना, एवढं मात्र नक्की बघा.

आता नट, माझा जुना शत्रू. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा. तिथे कागद जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर खाच उथळ आहे. मग पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबताना ती जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनर म्हणतो गिटार ट्यून आहे, कान म्हणतो नाही, आणि नवशिक्या म्हणतो माझंच चुकतंय. उथळ खाच खोल करता येते. खाच आधीच जास्त खोल असेल आणि मोकळी तार झर्रर्र करत असेल, तर नट बदलावा लागतो. तेही फार महाग काम नाही.

नटचा अजून एक चाळा असतो. ट्यूनिंगची किल्ली फिरवताना ‘टिंग’ असा आवाज आला तर तार खाचेत अडकतेय. लोक म्हणतात किल्ल्या खराब आहेत, बदला. बऱ्याचदा किल्ल्यांचा काही दोष नसतो. पेन्सिलीचं टोक खाचेत घासा, शिसाने तार सरकायला लागते. नाही जमलं तर मग किल्ल्यांकडे वळा.

आणि आता खरी परीक्षा, फ्रेट. आधी हाताची कड नेकच्या दोन्ही बाजूंनी अलगद वरखाली फिरवा. टोकं बोचतात का? थोडी बोचली तर घासता येतात, रक्त काढणारी असतील तर कारखान्यात कोणी बघितलंच नाही असं समजा. मग प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेक सूर वाजवा. हो, सगळे. सहा तारा, एकवीस-बावीस फ्रेट, दहा मिनिटांचं काम आहे. दुकानदार बघेल, बघू दे. त्यानंतर पहिली आणि दुसरी तार दहाव्या फ्रेटपासून वर एकेका जागी पूर्ण सूर चढेपर्यंत ओढा, म्हणजे बेंड करा. कुठे आवाज गुदमरला तर ती जागा लक्षात ठेवा.

त्या जागी कार्ड लावायचं. जुनं, बाद झालेलं एटीएम कार्ड घ्या. तीन फ्रेटवर एकदम बसेल अशा बेताने त्याची सरळ कड तारांच्या मधून फ्रेटवर उभी धरा. खालच्या फ्रेटवर लांब कड चालते, मधे आखूड कड, आणि बाराव्याच्या वर फ्रेट जवळजवळ असतात म्हणून कार्ड कात्रीने कापून छोटं करावं लागतं. कापलेली नव्हे, मूळ कारखान्याची सरळ कड वापरा. आता कार्ड सी-सॉसारखं हलतंय का? हललं तर मधला फ्रेट वर आहे. दुरुस्तीवाल्यांकडे यासाठी स्टीलचं साधन असतं, ते जास्त अचूक, पण कार्डानेही मोठी गडबड पकडली जाते.

एखाद-दुसरा फ्रेट वर असणं हा मृत्युदंड नाही. कधी तो नीट ठोकलेला नसतो, हलक्या हाताने परत बसवता येतो, कधी तेवढाच घासून काढतात. पण पाच-सहा जागी कार्ड हललं तर सगळे फ्रेट घासावे लागतील, आणि त्या कामाचे पैसे या किमतीच्या गिटारीला परवडत नाहीत.

वायरींचं प्रकरण

ॲम्पला जोडा आणि आवाज साधा ठेवा, क्लीन. दुकानात बहुतेक वेळा डिस्टॉर्शन लावूनच गिटार हातात देतात, आणि त्या गोंगाटात मेलेला सूरही मर्दानी वाटतो. व्हॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवा. खरखर आली तर बहुतेक धूळ किंवा गंज असतो, स्प्रेने जातो. स्विच प्रत्येक जागी टाकून बघा. केबलचं टोक जिथे जातं तो जॅक हलवा. आवाज तुटला तर आतला नट सैल आहे किंवा टाका सुटलाय. ही सगळी शंभर-दोनशे रुपयांची दुखणी.

‘हम्म्म’ असा आवाज येतोच. एकेरी कॉइलचे पिकअप आपल्या घरातल्या वीजप्रवाहाची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतात. हीच कटकट घालवायला गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये दोन कॉइलचा हम्बकर बनवला. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर वायरिंग ठीक आहे. वाढली तर कुठेतरी उलटं जोडलंय.

आणि एक गोष्ट गंमत म्हणून नाही, गंभीरपणे सांगते. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर लगेच प्लग काढा. तो दोष बहुधा गिटारचा नसतो, ॲम्पचा किंवा घरातल्या अर्थिंगचा असतो. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावून ॲम्प वापरू नका. आधी इलेक्ट्रिशियन.

लाकडाच्या गप्पा

जाहिरातीत सगळ्यात जास्त अक्षरं लाकडावर खर्च होतात. महोगनीमुळे ऊबदार, मेपलमुळे चमकदार वगैरे. अकूस्टिक गिटारीत लाकूड खरंच बोलतं. इलेक्ट्रिकमध्ये पिकअप बोलतं, आणि ते तारेचं कंपन ऐकतं. नॅशव्हिलच्या जिम लिल नावाच्या वादकाचा एक व्हिडिओ आहे. त्यात त्याने बॉडी आणि नेक काढूनच टाकली, दोन टेबलांच्या मधे तारा ताणल्या आणि खाली पिकअप ठेवलं. आवाज ऐका, डोळे मिटून इलेक्ट्रिक गिटारच वाटते. माझं मत सांगायचं तर या किमतीत बॉडी पॉप्लर आहे की बासवूड यावर एक मिनिटही घालवू नका. तोच वेळ पिकअपच्या बाजूचे दोन स्क्रू फिरवून त्याची उंची कमीजास्त करण्यात घालवा, आवाज फुकटात बदलतो.

पण फ्रेटबोर्डच्या लाकडाची गोष्ट आपल्या घरची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जगभरच्या गिटारींवर वर्षानुवर्षं जे ‘इंडियन रोझवूड’ लागत आलं, ते म्हणजे आपलं शिसव. २०१७ च्या जानेवारीत रोझवूडच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, कागदपत्रांची कटकट नको म्हणून कंपन्यांनी दुसरी लाकडं शोधली. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर सवय लागली होती. आज कित्येक स्क्वायर आणि एपिफोनच्या माहितीत ‘इंडियन लॉरेल’ असं लिहिलेलं असतं. ते वाचून लोक नाक मुरडतात, हे कुठलं नवीन हलकं लाकूड म्हणून. अहो, तो ऐन आहे! मगरीच्या पाठीसारख्या सालीचा, आपल्या सह्याद्रीत जागोजागी उभा असलेला ऐन. तुमच्या गिटारचा ऐन नेमका इथलाच असेल असं नाही, ते झाड पार म्यानमारपलीकडेही वाढतं. पण ते घट्ट, टिकाऊ लाकूड आहे. कोकणातल्या जुन्या घरांच्या तुळयांना विचारा.

लाकूड म्हटलं की हवा आली. गिटार कारखान्यात ठरावीक दमट हवेत बनते, मग आठवडेच्या आठवडे कंटेनरमध्ये असते, आणि मग येते ती थेट मे महिन्यातल्या नागपुरात किंवा जुलैतल्या रत्नागिरीत. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड आक्रसतो, धातूचा फ्रेट आक्रसत नाही, म्हणून टोकं बाहेर येऊन बोचायला लागतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नेक हलते, तारांना गंज चढतो. त्यामुळे ‘महिन्याभरात गिटार बिघडली’ असं वाटलं तर कंपनीला शिव्या देण्याआधी खिडकीबाहेर बघा. वर्षातून दोनदा सेटअप तपासायचा, एकदा पावसाळ्यात, एकदा उन्हाळ्यात. आणि गिटार आली त्या दिवशी नाही, एक रात्र खोलीत राहिल्यावर तपासा.

सेकंडहँड, आणि नकली

थोडक्यात सांगते, कारण यावर वेगळा भाग होईल. त्याच पैशात वरच्या दर्जाची गिटार हवी असेल तर सेकंडहँड हाच मार्ग. स्क्वायरच्या नंबराची सुरुवात ‘आयसीएस’ने होत असेल तर ती इंडोनेशियात कॉर्टने बनवलेली, आणि पुढचे दोन आकडे म्हणजे साल. ट्रस रॉडच्या टोकाची खाच झिजलेली नाही ना, फ्रेटवर तारांचे खड्डे किती खोल आहेत, हे दोन बघा. आणि कोणी ‘ओरिजिनल गिब्सन’ पंचवीस हजारात देत असेल तर ती चीनमधली नकली आहे. लोक त्यांना ‘चिब्सन’ म्हणतात. स्वस्त गिटार घेणं वेगळं, खोटं नाव लावलेली घेणं वेगळं. खोटं नाव लावणारा आतलं कामही खोटंच करतो.

एक अजून: या किमतीत फ्लॉइड रोझसारखा कुलूपवाला ब्रिज असलेली गिटार घेऊ नका. त्याच्या धारा मऊ धातूच्या असतात, लवकर झिजतात, आणि मग ट्यूनिंग कधीच टिकत नाही. दिसायला भारी असते, मान्य.

आणि नापास मालाला फार हिणवू नका. एडी व्हॅन हेलनने आपली ती पट्ट्यापट्ट्यांची जगप्रसिद्ध गिटार पन्नास डॉलरची सेकंड दर्जाची बॉडी आणि ऐंशी डॉलरची नेक जोडून बनवली होती.

तर मित्रा, तुझी गिटार

तुझ्या दोन तक्रारी आहेत आणि त्या सारख्या नाहीत. जाड तार झर्रर्र करते ती, व्हिडिओत दिसतंय त्यावरून, पहिल्या चार फ्रेटवर, पुढे गेल्यावर नाही. हे नेक जास्त सरळ असल्याचं लक्षण. वर सांगितलं तसं दोन्ही टोकांना तार दाबून बघ. मधे फट नसेल तर ट्रस रॉड पाव फेरा सैल कर, ट्यून कर, परत वाजव. बहुतेक तिथेच मिटेल. एवढ्यासाठी कोणी गिटार परत करत नाही.

दुसरी तक्रार मात्र मला खटकतेय. पहिली तार चौदाव्या फ्रेटवर ओढली की आवाज मरतो, म्हणजे पंधरावा किंवा त्याच्या पुढचा एखादा फ्रेट वर असणार. आधी तारा खूप खाली तर नाहीत ना ते दोन कार्डांनी बघ. दीड मिलिमीटरपेक्षा खाली असतील तर थोड्या वर घे आणि परत ओढ. तरीही मेला, तर कापलेलं कार्ड घेऊन बाराव्यापासून शेवटपर्यंत जा. एकाच जागी हललं तर ठेव आणि मिरजेतच एखाद्या सतारवाल्याला दाखव. पडद्यांवर ज्यांचा हात बसलाय त्यांना एक वर आलेला फ्रेट समजायला वेळ लागणार नाही, फक्त कानस मारण्याआधी फ्रेटबोर्डला चिकटपट्टी लावायला सांग. तीनपेक्षा जास्त जागी हललं तर परत कर, व्हिडिओ काढून, शांतपणे, कारण लिहून. आणि दुसरी मागव, हवं तर तेच मॉडेल. हातकामातला दोष प्रत्येक नगात सारखा नसतो.

पप्पांना तो चौदावा फ्रेट वाजवून दाखव, आधी आणि नंतर. आणि चार दिवसांतला एक तू या भागाची वाट बघण्यात घालवलास, म्हणजे उरले तीन. आज रात्रीच कार्ड लाव आणि काय निघालं ते मला व्हॉइस नोटवर कळव.

पुढच्या भागात छोट्या ॲम्पबद्दल बोलू.